झाडापुढे पदर घेणारी पंचफुला

पंचफुला जंगलातून जाताना काही झाडांपुढे डोक्यावरचा पदर सारखा करायची. अर्जुन, बेहडा, कुडा, नाल्याकाठचा एक म्हातारा बेल. सासरे समोरून यावेत तशी ती अंग चोरून बाजूला व्हायची आणि पायातल्या वहाणा हातात घ्यायची. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मला हसू आलं. दुसऱ्यांदा राग आला, कारण सासूबाई तिच्याकडे कौतुकानं बघत होत्या.

ती माझी धाकटी जाऊ. ज्या वर्षी आमचा जिल्हा मुंबई राज्यात गेला, त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात ती लग्न होऊन आली. आमचं गाव मुकुटबनच्या अलीकडे, जंगलाला टेकलेलं. तिचं माहेर दारव्ह्याकडचं, कापसाच्या रानातलं. आली तेव्हा तिला मोह कुठला आणि टेंभरू कुठलं हे कळत नव्हतं. मी मात्र जंगलाच्या काठावरच वाढलेली. मुरुडशेंग कोणत्या उतारावर मिळते, शतावरीची मुळी कधी भरते, पांढरा कुडा आणि काळा कुडा कसा ओळखायचा, हे मी झोपेतूनही सांगितलं असतं.

सासूबाईंना आम्ही मामी म्हणायचो. मामी झाडपाल्याचं औषध देत. आसपासच्या खेड्यांतून, बंजाऱ्यांच्या तांड्यांवरून माणसं आमच्या ओसरीवर येऊन बसत. औषधाचा मोबदला नव्हता, फार तर देवीपुढे नारळ फोडायचा. पण मामींची रीत कडक होती. रोगी आला की लगेच जाऊन मुळी उपटायची नाही. आदल्या संध्याकाळी झाडाकडे जायचं, त्याला हळदकुंकू लावायचं, मूठभर तांदूळ ठेवायचे आणि आवतण द्यायचं: अमक्याचं अमकं दुखतं आहे, त्याच्यासाठी उद्या येते, पाठमोरं होऊ नकोस. दुसऱ्या दिवशी उजाडताना मुळी नाहीतर साल काढायची आणि घरी येईपर्यंत चकार शब्द बोलायचा नाही. सगळ्यात अवघड नियम वेगळाच होता. ज्याच्यासाठी औषध आणायचं त्याच्याबद्दल, त्याच्या घराबद्दल मनात अढी असेल, तर आवतण द्यायचंच नाही. दिलं तर झाड साल देतं, पण त्यातला गुण ठेवून घेतं.

मामींची नजर अधू होत चालली तेव्हा आता हे काम कोणाकडे जाणार, हा प्रश्न आला. मला तो प्रश्नच वाटला नव्हता. मी थोरली सून. इतकी वर्षं टोपली घेऊन त्यांच्या मागे हिंडलेली. मामींनी पंचफुलेला जवळ बोलावलं आणि हळदीची डबी तिच्या हातात दिली.

"अन् मी?" मी सगळ्यांसमोर विचारलं.

"तुले झाडं मालूम हायेत, पोरी. पन तुह्या तोंडाले कुलूप नाही. मुळी हाती असताना वाटेत कोनी रामराम केला, तं तू त्याच्या मामेबहिनीची खुशाली इचारशीन."

ओसरीवरची माणसं हसली. पंचफुलाही पदराआड हसली. ते हसू मी विसरले नाही.

त्यानंतर आमच्या घरात असं सुरू झालं की झाड मी दाखवायचं आणि नाव तिचं व्हायचं. तिच्या हाताला गुण आहे, असं लोक म्हणू लागले. अडुळशाचा काढा मी उकळून द्यावा, तर खोकणारा म्हातारा पेला हातात धरून बसे आणि विचारे, "धाकल्या बाई नाहीत काय घरी?" ती येई, पेल्याला नुसतं बोट लावी, मग तो पिई. माझा जळफळाट होई. चुलीपुढे बसून मी लाकडं उगाच आत ढकलत राही. बरं, भांडावं तर ती भांडायला सापडायची नाही. कोणी तिचे पाय धरायला वाकलं की दोन पावलं मागे सरकून म्हणायची, "देनारं झाड हाय बाप्पा, आपन तं मधातले." हे वाक्य तिनं इतक्या वेळा म्हटलं, की आमचा पोपटसुद्धा शिकला असता. लोकांना मात्र प्रत्येक वेळी ते नवं वाटायचं.

रोग्याला ती आधी औषध विचारायची नाही. "कोनाशी भांडन चालू हाय काय?" असं विचारायची. पोट दुखतं म्हणून आलेला गडी दचकायचा. मग हळूहळू भावाचं, बांधाचं, बायकोचं सांगायला लागायचा. ती सुपात काहीतरी निवडत ऐकत बसायची. "पोटातलं पोटात ठेवलं तं पोट दुखनच नं," म्हणायची. मी आतून ऐकायचे आणि मनात म्हणायचे, याला दोन मुरुडशेंगा उगाळून द्या आणि वाटेला लावा. गडी दुसऱ्या दिवशी बरा होऊन यायचा, हे आणखी वाईट.

मग एका श्रावणात माझा शंकर आजारी पडला. नुकता चालायला लागलेला, एकुलता एक. हगवण लागली, मग रक्त पडायला लागलं. यांनी पांढरकवड्याहून दवाखान्याची बाटली आणली. तीही चालू होती, पण पोर वाळत चाललं होतं. मग त्याचं रडणंही थांबलं. मामी खाटेवरून म्हणाल्या, "पंचफुले, कुड्याले आवतन देऊन ये. सांज होऊन राह्यली."

पंचफुलेनं ताट केलं. हळद, कुंकू, तांदूळ. उंबऱ्यापर्यंत गेली आणि उभीच राहिली. मग वळली आणि ताट खाली ठेवलं.

"माह्यानं नाही होत, मामी."

"काहून?"

"माह्या मनात हाय." ती मामींशी बोलत होती, पण बघत माझ्याकडे होती. "बाई, मले तुमच्या लेकराचा हेवा वाटते. तुमी त्याले आंगनात न्हाऊ घालता, तवा मी उठून घरात जातो. माही कूस अजून उजवली नाही. मले बघवत नाही. आता त्याचंच नाव घेऊन मी झाडापुढं खोटं कशी बोलू? लेकराच्या जिवाची गोष्ट हाय. तुमी जा. माय हाय तुमी, तुमच्या मनात काही नसन."

मला तिच्या थोबाडीत मारावीशी वाटली. माझं पोर हातचं चाललं होतं आणि ही आपलं मन तपासत बसली होती! आणि खरं सांगायचं तर त्या घडीलाही आत कुठंतरी बरं वाटलं. सगळं गाव जिच्या पाया पडत होतं, ती माझा हेवा करत होती.

मी ताट उचललं. कुड्यापुढे उभी राहिले तेव्हा मला शंकरच्या नावाखेरीज काही सुचलं नाही. दुसऱ्या दिवशी उजाडताना गेले, उगवतीच्या बाजूची साल काढली, पदरात बांधली आणि ओठ मिटून घराकडे निघाले. पाऊस नुकता उघडला होता. वेशीजवळ सुताराची बायको घागर घेऊन समोर आली.

"पोट्टं कसं हाय वो, बाई?"

मी बोलले नाही. नुसती बघत राहिले आणि डोळ्यांना धार लागली. मी, आणि गप्प! गावात माझं तोंड कधी मिटलेलं कोणी पाहिलं नव्हतं. तिनं त्याचा एकच अर्थ घेतला. घागर तिथंच टाकली आणि "शंकर गेला वो माय" करत ती गावात धावली. मला ओरडून थांबवता येईना. ओरडले तर साल गेली. मी पळू लागले, तशी तिची खात्रीच पटली.

मी पोचले तेव्हा आमच्या दारात बायांनी गळा काढला होता. क्षणभर मलाही वाटलं, मी नसताना गेलाच. तेवढ्यात पंचफुला आतून आली. माझ्या पदराची गाठ तिनं पाहिली आणि बायांवर अशी कडाडली, की तिचा तो आवाज मी पुन्हा कधी ऐकला नाही. "मुकाट्यानं उठा! जिता हाय पोट्टा. साल हाय त्यायच्या पदरात, दिसत नाही काय?" मग तिनं माझ्या हाताला धरून मला घरात नेलं. साल मी वाटली, ताकातून मीच पाजली. पंचफुला सालीला शिवलीसुद्धा नाही.

शंकर सावरला. बाटलीनं, सालीनं की त्याच्या आयुष्याच्या दोरीनं, मी सांगू शकत नाही. गाव मात्र लगेच सांगू लागलं: पंचफुलाबाईंच्या घरचं औषध, गुण येणारच.

पुढे एकदा दोघी निरगुडीचा पाला ओरबाडत असताना मी तिला विचारलं, "त्या सांजेले तू खोटं बोलून गेली असती, तं कोनाले कळलं असतं?"

"झाडाले," ती म्हणाली. मग ओंजळभर पाला टोपलीत टाकून म्हणाली, "आता नाही वाटत मले हेवा. तो पळत आला नं माह्याकडे, चाकोली मागाले, तवा गेलं." चाकोली म्हणजे तिच्या हातची गोड पुरी. तीही मुलाला माझ्यापेक्षा तिच्याच हातची आवडायची.

महाराष्ट्र झाल्यानंतर धाकट्या दिरांना वणीकडे कोळशाच्या खाणीत काम लागलं. जाताना पंचफुलेनं हळदीची डबी माझ्या हातात ठेवली. त्याच दिवसापासून आमच्या ओसरीवर मी बसते. तिची एक गोष्ट मी उचलली. ज्याच्याबद्दल मनात अढी आहे त्याला तोंडावर सांगते, माझ्यानं होणार नाही, दुसरीकडे जा. लोक तणतणत जातात. पंचफुलाबाईही असंच सांगायच्या म्हणे, पण त्यांच्या तोंडी ते गोड लागायचं. आता सांगा, माणसानं जळू नये तर काय करावं?

ती खाणीवरच गेली. तापानं. निरोप आला तेव्हा तिचे दिवसही होऊन गेले होते. खाणीच्या चाळीत ती बरेच दिवस पडून होती, आणि तिच्यासाठी जंगलात जाणारं तिथं कोणी नव्हतं. मला वेळेवर कळतं तर मी गेले असते का, असं मामींनी मला एकदा विचारलं. त्यांना माझं मन ठाऊक होतं. तिच्याबद्दलची माझी अढी एक दिवसही सुटली नव्हती, आणि नियमानं मला आवतण देता आलं नसतं.

मी गेले असते. जंगलातल्या एकेका झाडापुढे पदर घेऊन उभी राहिले असते आणि माझ्या मनात काही नाही, असं धडधडीत खोटं बोलले असते.