लिफ्टमधल्या चार रेघा

माझा धाकटा भाऊ लहानपणी पक्का कामचुकार होता. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे त्याचं जे कौतुक करणार आहे ते बहिणीच्या मायेपोटी केलं, असं कोणी म्हणायला नको.

आम्ही घर बदललं तेव्हा मी बारा वर्षांची होते, तो आठ. आईने गाठोडी बांधून ओळीने मांडली आणि म्हणाली, एकेक उचला. याने धावत जाऊन सगळ्यात मोठं उचललं. ते त्याच्याहून उंच होतं. मागून बघणाऱ्याला गाठोड्याखाली फक्त दोन पाय दिसायचे. मावशी म्हणाली, "एवढासा जीव, पण कामाला बघा कसा वाघ." त्या गाठोड्यात उशा होत्या. माझ्या वाट्याला सगळ्यात लहान आलं. त्यात लोखंडी खलबत्ता, इस्त्री आणि बाबांचे पाने-हातोडे. "तू एवढंसंच घेतलंस होय गं?" हेही मावशीच म्हणाली. नवं घर दोन गल्ल्या आणि एक चढ ओलांडून होतं. माझा हात खांद्यातून निखळायची वेळ आली, पण मी ते वाटेत टेकवलं नाही, कारण टेकवलं असतं तर मावशीला आणखी बोलायला मिळालं असतं. तेव्हापासून मी भावावर डूख धरून आहे. याला आता पन्नास वर्षं झाली.

आता मोठेपणीचं सांगते. आम्ही दोघं एकाच इमारतीत कामाला आहोत. पाच मजली गोदामाची इमारत, प्रत्येक मजला वेगळ्या धंद्याला दिलेला. पहिल्यावर फरशीवाला, दुसऱ्यावर कापडवाला, तिसऱ्यावर छापखाना, चौथ्यावर गाद्यांचा कारखाना. तळमजल्यावर माझं कॅन्टीन, आणि कॅन्टीनच्या बरोबर समोर मालाची लिफ्ट. ती लिफ्ट भाऊ चालवतो, तीस वर्षं झाली. जाळीचं दार, पितळेची मूठ, आणि आत एक पत्र्याची पाटी : 'एक हजार किलो'.

सुरुवातीला या पाटीवरून रोज भांडण व्हायचं. गादीवाला फोम भरायचा तो पार छताला टेकेपर्यंत, आणि फरशीवाला बघून म्हणायचा, "त्याला एवढं भरू देतोस, मग माझी पेटीवर पेटी का नको?" भाऊ सांगायचा की तुमची फरशी जड आहे. फरशीवाला विचारायचा, "किती जड?" भावाला जड आहे एवढं कळायचं, किती ते सांगता येत नव्हतं. प्रत्येक खेपेचं वजन करायला काटा होता, पण तो मागच्या अंगणात. माल तिथे नेऊन परत आणायचा तर दिवसाला चार खेपासुद्धा झाल्या नसत्या.

मग एक दिवस तो सुताराकडून लाकडी खोकं करून घेऊन आला. फूटभर लांब, फूटभर रुंद, फूटभर खोल. मला वाटलं, कोंबडी पाळतो की काय. ते घेऊन तो मजल्यामजल्यावर फिरला आणि प्रत्येकाचा माल त्यात गच्च, काठोकाठ भरून काट्यावर ठेवला. फोम पाऊण किलोसुद्धा भरला नाही. कापड अकरा किलो. कागद साडेबावीस. आणि फरशा साठाच्याही वर गेल्या. ते खोकं त्याला आणि इमारतीतल्या थोरल्या हमालाला मिळून उचलावं लागलं. खोकं तेच, जागा तेवढीच. मी चहा गाळत बघत होते आणि मला माझं ते लहान गाठोडं आठवत होतं.

स्वतःला उभं राहायची जागा सोडून लिफ्टमध्ये माल ठेवायला आठ फूट बाय चार फूट उरतात. शाळेत गणितात गटांगळ्या खाणाऱ्या माझ्या भावाने माझ्याच टेबलावर बसून तीन दिवस हिशेब केला, बिलांची पाठकोरी पानं सगळी संपवली, आणि चौथ्या दिवशी ऑइलपेंटचा डबा घेऊन लिफ्टमध्ये शिरला. बाहेर आला तेव्हा आत भिंतीवर चार रेघा होत्या. लाल रेघ जमिनीपासून जेमतेम साडेपाच इंचांवर, शेजारी लिहिलेलं 'फरशी'. गुडघ्याच्या खाली निळी, 'कागद'. कमरेच्या जरा खाली हिरवी, 'कापड'. आणि छताला लागून पिवळी, 'फोम'. माल सपाट रचायचा, आपापल्या रेघेला थांबायचं, संपलं. फरशीवाला दोन दिवस कुरकुरला, मग गप्प झाला, कारण भावाने त्याच्याच फरशांनी भरलेलं खोकं त्याच्याचकडून उचलवून घेतलं. तेव्हापासून सगळे त्याला 'रेघवाले' म्हणतात. त्याचं खरं नाव आता पगारपत्रकाशिवाय कुठे सापडत नाही.

तीस वर्षांत त्या लिफ्टने कधी दगा दिला नाही. तीस वर्षांत त्याने रजाही घेतली नाही म्हणा. पहिली रजा घेतली ती माझ्यापायी. माझ्या उजव्या डोळ्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. मी एकटी जाईन म्हटलं, तर म्हणाला, "तुला एका डोळ्याने परत येताना फुटपाथ दिसायचा नाही. मी येतो. लिफ्टचं काय, रेघा आहेत की."

आणि नेमका त्याच दिवशी, सोमवारी, घात झाला.

छापखान्याचा कागद वर न्यायचा होता. थोरल्या हमालाने आणि दोन नव्या माणसांनी अडतीस गठ्ठे निळ्या रेघेपर्यंत रचले, एक गठ्ठा जास्त नाही. थोरला हमाल आत उभा राहिला आणि लिफ्ट निघाली. दुसरा मजला ओलांडला आणि ब्रेक घसरला. लिफ्ट खाली येत येत पहिल्या मजल्याखाली अडकली. थोरल्या हमालाला शिडी लावून काढलं. लागलं कुठे नाही.

दुसऱ्या दिवशी मी डोळ्याला पट्टी लावून कामावर आले. डॉक्टरांनी विश्रांती सांगितली होती, पण माझ्याशिवाय कॅन्टीनमध्ये चहाचं काय होतं ते मला माहीत आहे. बघते तर खाली उतरवून ठेवलेल्या लिफ्टला मालासकट कुलूप, आणि इमारतीचे मॅनेजर भावाला सगळ्यांसमोर सुनावतायत. "रेघेपर्यंतच भरला होता ना माल? म्हणजे रेघच चुकीची. तीस वर्षं तुम्ही अंदाजपंचे लिफ्ट चालवली आणि आम्ही चालू दिली. उद्या लिफ्टचे तपासनीस येतायत. रेघा चुकल्या असं ठरलं, की त्यांच्यावर रंग फासायचा आणि तुम्ही फाटकावर स्टूल टाकून बसायचं."

माझ्या जिभेच्या टोकावर बरंच आलं होतं. भावानेच हात करून मला थांबवलं.

तो दिवसभर ते खोकं घेऊन बसला. छापखान्यातून कागद मागवला, खोकं भरलं, काट्यावर ठेवलं. साडेबावीस. परत भरलं. साडेबावीस. आठ गुणिले चार त्याने इतक्या वेळा केलं की मलाही पाठ झालं. "गणित बरोबर येतंय, ताई," तो म्हणाला. "पण लिफ्ट तर घसरली. म्हणजे माझंच कुठेतरी चुकलंय, आणि मला ते दिसत नाहीये. माणूस मेला असता आत." त्याचा चहा निवून गेला. मला माझ्या डोळ्याचा संताप आला. तो डोळा आणखी एक महिना थांबला असता तर काय बिघडलं असतं?

दुपारी थोरला हमाल आला. नेहमी दोन बशा चहा पिणारा माणूस, एक बशीसुद्धा पुरी करेना. मी विचारलं, काय झालं, दुखतंय का कुठे. आधी काही नाही म्हणाला. मग इकडेतिकडे बघून हळूच म्हणाला, "ताई, कोणाला सांगू नका. माझं वय झालं. काल ते गठ्ठे उचलताना कंबर मोडायला आली. चोवीस किलोचा गठ्ठा मी आयुष्यभर उचलतोय. काल उचलवेना. ती नवी माणसं बघत होती, म्हणून दात-ओठ खाऊन उचलले."

मी हातातली किटली खाली ठेवली.

"ती नवी माणसं काय म्हणत होती?" मी विचारलं.

"ती काय म्हणणार, नवीनच आहेत. त्यांना वाटलं, कागद इतकाच जड असतो."

मी भावाला हाक मारली. थोरला हमाल नको नको म्हणत होता, पण अशा वेळी मी कोणाचं ऐकत नाही. भावाने सगळं ऐकून एकच विचारलं, "गठ्ठे रविवारी कुठे होते?" गठ्ठे शनिवारपासून मागच्या पडवीत होते. पडवीत वरून पाण्याची लोखंडी पाइप जाते. भाऊ आत गेला, पाइपच्या सांध्यावरून बोट फिरवलं, आणि ओलं बोट आम्हाला दाखवलं.

तपासनीस सकाळी आल्या. कमी बोलणाऱ्या बाई होत्या, हातात वही. कुलूप उघडलं. मॅनेजर म्हणाले, "बघा मॅडम, बरोबर रेघेला माल आहे." बाईंनी गठ्ठ्यावर हात ठेवला. वरचा मेणकागद खडखडीत वाळलेला होता. "कोरडा तर आहे," त्या म्हणाल्या.

भाऊ पुढे झाला. त्याने एक गठ्ठा दोन्ही हातांनी वीतभर उचलला आणि लगेच खाली ठेवला. "हा पाणी प्यायलाय," तो म्हणाला. "काट्यावर घाला."

गठ्ठा तेहतीस किलो भरला. दुसरा एकतीस, तिसरा पस्तीस. बाईंनी मेणकागद फाडायला लावला, आतला कागद चिंब होता. घट्ट आवळून बांधलेला, त्यामुळे फुगायला जागाच नव्हती. पाणी मेणकागदाच्या घडीतून शिरून आतल्या आत कागदात जाऊन बसलं होतं. आकार तसाच राहिला, उंची तशीच राहिली, वजन तेवढं दीडपटीला येत चाललेलं. बाईंनी अडतीसने गुणलं आणि वही मॅनेजरांपुढे धरली. साडेबाराशेच्या वर. आणि शिवाय थोरला हमाल.

"रेघ बरोबर आहे," बाई म्हणाल्या. "चूक पाइपची आहे."

मला वाटलं, सुटला एकदाचा. तर हा शहाणा म्हणतो, "नाही मॅडम. चूक माझी आहे."

सगळे त्याच्याकडे बघायला लागले. मी तर कपाळालाच हात लावला.

"रेघ कोरड्या कागदाची आहे आणि मी 'कोरडा' लिहिलं नाही," तो म्हणाला. "मला लागायचंच नाही ते. मी रोज प्रत्येक मालातला पहिला नग स्वतः उचलून बघतो, मगच भरू देतो. पण ते मी कोणाला शिकवलं नाही. मी रजेवर गेलो तेव्हा मागे रेघा ठेवून गेलो, हात घेऊन गेलो."

बाईंनी विचारलं, "पहिला उचलून बघायचं हे तुम्हाला कोणी शिकवलं?"

"ताईने," तो म्हणाला, आणि मॅनेजर, फरशीवाला, छापखान्याची सगळी माणसं उभी असताना सरळ माझ्याकडे बोट दाखवलं. "लहानपणी घर बदललं तेव्हा मी उशांचं मोठं गाठोडं नेलं आणि शाबासकी घेतली. ही अगदी लहान घेऊन माझ्यामागून चालत होती. मी तिला वाटभर चिडवलं. नव्या घरात पोचल्यावर आईने सांगितलं, ताईचं गाठोडं फळीवर ठेव. मी उचलायला गेलो, तर ते जागचं हललं नाही. दोन्ही हातांनी नाही, बसकण मारून नाही. आणि हिने ते चढावरून आणलं होतं, एकदाही खाली न ठेवता. त्या दिवसापासून मी कुठल्याच वस्तूचं नुसतं आकारमान बघून काही बोलत नाही. आधी उचलून बघतो."

पन्नास वर्षांत हा माणूस हे मला एकदाही बोलला नव्हता. डोळ्याच्या पट्टीखाली पाणी जाऊ द्यायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आता त्याला मी काय करणार? मला माझ्या भावाचा इतका अभिमान वाटला की मी त्याला सगळ्यांसमोर म्हटलं, "मेल्या, मग तेव्हा मावशीला का नाही सांगितलंस?"

बाईंनी अहवालात लिहिलं की रेघा राहू द्याव्यात आणि लिफ्टवाल्यांच्या गैरहजेरीत माल चढवू नये. फाटकावरच्या स्टुलाचं मॅनेजरांनी पुन्हा नाव काढलं नाही. पाइप मात्र दोन तासांत बदलली. थोरल्या हमालाला भावाने काट्यापाशी नेऊन तेहतीसचा आकडा दाखवला. तो बघून म्हातारा असा खूश झाला, की त्याने त्या दिवशी चार बशा चहा प्यायला.

संध्याकाळी भावाने परत ऑइलपेंटचा डबा काढला. निळ्या रेघेशेजारी 'कोरडा' लिहिलं. कापडाच्या रेघेपुढेही लिहिलं. मग सगळ्यांच्या वर मोठ्या अक्षरांत, 'आधी एक उचलून बघा'. मी एका डोळ्याने बघून अक्षर वाकडं आलंय म्हणून सांगितलं. तो म्हणाला, राहू दे. दुसऱ्या सकाळी दोन्ही नव्या माणसांना त्याने आपल्यासमोर उभं केलं आणि फोमपासून फरशीपर्यंत एकेक नग हातात दिला.

मावशी आता नाही, नाहीतर तिला आणून ती लिफ्ट दाखवली असती. माझा डूख मात्र मी सोडलेला नाही. सोडू कशाला? तीस वर्षं ती लिफ्ट माझ्या त्या गाठोड्यावरच तर चाललीय.