साडूंची कॅसेट

मी हिशेब तपासण्याच्या खात्यात नोकरी केली. ‘सगळे’, ‘कधीच’, ‘कुणीच’ असले शब्द मी लिहिताना टाळतो, कारण पुढे ते सिद्ध करावे लागतात. तरीही एक विधान छातीठोकपणे करतो. आमच्या साडूंना कुणी काही दिलं आणि त्यांनी ते चारचौघांत जाहीर केलं नाही, असं कधीच झालेलं नाही. ते आमच्याकडे आले, माझ्या बायकोने त्यांच्यापुढे कप ठेवला, की ते आधी खाकरायचे, डावा हात कानाशी न्यायचे आणि बाहेरच्या पायरीपर्यंत जाईल अशा आवाजात म्हणायचे, “आमच्या मेहुणीबाईंकडून, राहणार नाशिक, चहा एक कप, आलं घातलेला! गायन पार्टी त्यांची आभारी आहे!” बायको म्हणायची, “दाजी, हळू हो. शेजारीण म्हणेल, मला कधी पाजला नाही.” तर ते खिडकीकडे वळून शेजारणीने मागच्या महिन्यात दिलेली लोणच्याची फोडही जाहीर करून टाकायचे. एकदा कारखान्यात पत्रा लागला म्हणून मी त्यांना दवाखान्यात नेलं होतं. नर्सने सुई टोचली. साडूंनी डोळे मिटून घेतले आणि भरल्या वॉर्डात सांगितलं, “सिस्टरबाईंकडून एक इंजेक्शन, उजव्या दंडात!” ती बाई इतकी हसली की कापूस लावायचा विसरली.

ही सवय त्यांना गाण्याने लावली होती. साडू सातपूरला एका कारखान्यात फिटर होते, पण ते पोटापुरतं. खरे ते गायन पार्टीचे गायक. पेटीवर शाळेतले एक गुरुजी, ढोलकीवर त्यांच्याच कारखान्यातला एक गडी, मागे कोरसला दोघे. जयंतीचा महिना, बुद्धपौर्णिमा, लग्नं, बारशी, नव्या घराची पूजा, कुठूनही सुपारी आली की ही पार्टी निघायची. आमच्याकडच्या कार्यक्रमाची रीत ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. गाणं रंगात आलं की ऐकणाऱ्यांतून कुणीतरी उठून येतं आणि पेटीवर नोट ठेवतं. पेटीवाला सूर धरून ठेवतो, ढोलकी खाली येते आणि गायक माइकमध्ये देणाऱ्याचं नाव, गाव आणि रक्कम सांगतो. मग ढोलकी एक जोरदार गिरकी घेते आणि गाणं सोडलं तिथून पुढे चालू होतं. इतर गायक हे काम उरकून टाकत. साडू ते गाण्याच्याच तोलाने करत. दहा रुपयांची नोट असो की चार आण्याचं नाणं, आवाजाची उंची तीच. बाई असेल तर अमक्याची आई, तमक्याची मंडळी असं ते सांगत नसत. तिचं स्वतःचं नाव विचारून घेत. ज्या बाईचं नाव रेशनकार्डाबाहेर कुणी उच्चारलं नव्हतं, ते कर्ण्यातून चार गल्ल्यांवर जाई. ती पदर तोंडाशी धरून जागेवर परत यायची तेव्हा तिची चाल बदललेली असे, हे मी स्वतः पाहिलं आहे.

माइकवर मात्र त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. ते त्याच्यापासून हातभर लांब उभे राहत. स्पीकरवाला ओरडे, “दादा, जवळ या, आवाज येत नाय!” साडू म्हणत, “हा चुगलखोर आहे. याच्या तोंडाशी जाऊन सांगितलं की वाढवून सांगतो.” इगतपुरीला रेल्वे क्वार्टर्समध्ये एकदा भर पावसात कार्यक्रम होता. पहिलंच गाणं चालू असताना वीज गेली आणि वरून पत्र्यावर पाऊस असा की शेजारच्याचं बोलणं कळेना. आम्ही गाशा गुंडाळायला लागलो. साडूंनी काय करावं? ते खाली उतरले, पेटी गुरुजींच्या गळ्यात अडकवली आणि ओळीओळीतून फिरत गायले. एका ओळीत मुखडा, दुसरीत कडवं, तिसरीत बक्षिसांची नावं. प्रत्येक ओळीला गाण्याचा निराळाच तुकडा मिळाला. लोक नंतर कितीतरी दिवस तो कार्यक्रम लय भारी झाला म्हणून सांगत. पूर्ण गाणं त्यांच्यापैकी एकानेही ऐकलं नव्हतं, हे माझ्याशिवाय कुणाच्या ध्यानात आलेलं दिसलं नाही.

माझा स्वभाव मोजण्याचा. त्यांचं आईचं एक गाणं होतं. रस्त्यावर खडी फोडून पोराला पाटी घेऊन देणाऱ्या बाईचं. ते मी घड्याळ लावून दोनदा ऐकलं. एका बारशाला ते नऊ मिनिटांत संपलं. सटाण्याला एका लग्नात तेच गाणं अर्धा तास चाललं, कारण तिथली मंडळी “भारी शे! आखो म्हना, दादा!” म्हणत त्यांना पुढे जाऊच देईनात आणि साडू समोर बसलेल्या एकेका म्हातारीकडे बघून नवं कडवं रचत राहिले. परतीच्या एसटीत मी त्यांना ही तफावत दाखवून दिली. ते म्हणाले, “ऑडिटर, गाणं काय कापड आहे, मीटरवर फाडायला?”

पुढे मी हप्त्याने टेपरेकॉर्डर घेतला. हौस म्हणून त्यांचं गाणं भरलं आणि त्यांनाच ऐकवलं. आपलाच आवाज ऐकून माणसं लाजतात, हसतात. साडू गंभीर झाले. मान खाली घालून त्यांनी पूर्ण ऐकलं आणि एखाद्या परक्या गायकाबद्दल बोलावं तसं म्हणाले, “बरा गातो हा. पण बघत नाही कुणाकडे.”

त्यानंतर थोड्याच वर्षांत कॅसेटी आल्या. म्हणजे आधीपासून होत्या, पण आता किराणा दुकानात, सलूनमध्ये, रिक्षात, जिथे बघावं तिथे. मोठ्या शहरांतल्या गायकांची गाणी, मागे भरपूर वाद्यं, आणि किंमत एका शर्टाच्या शिलाईपेक्षा कमी. लग्नाचा मांडव असो की जयंतीचा, स्पीकरवाला येताना कॅसेटींचा डबाच घेऊन येऊ लागला. साडूंच्या सुपाऱ्या निम्म्यावर आल्या, मग निम्म्याच्याही निम्म्यावर. एका रविवारी त्यांच्या ओट्यावर ढोलकीवाल्याने विषय काढला.

“दादा, मी आता कायमची दुसरी पाळी घेतो. ओव्हरटाइम तरी मिळंल. पोरीचं लग्न हाय.”

“आणि ढोलकी?”

“ढोलकी हाय की. घरी हाय. वाजवीन कधीमधी.”

ढोलकी गेली की पार्टी गेली, हे तिथे बसलेल्या प्रत्येकाला कळत होतं. शेवटी गुरुजी म्हणाले, “आपण पण कॅसेट काढू. कॅसेट निघाली की नाव होईल, नाव झालं की सुपाऱ्या येतील. मग तू पाळी बदलून घे परत.” ढोलकीवाला जयंतीपर्यंत थांबायला तयार झाला. मलाही गुरुजींचा हिशेब पटला. त्यात चूक कुठे होती ते मला फार नंतर कळलं.

शहरातल्या एका कॅसेटवाल्याने दुकानामागच्या खोलीत रेकॉर्डिंगची सोय केली होती. भिंतींना गाद्या ठोकलेल्या, दाराला गोणपाट, आणि पंखा आवाज करतो म्हणून बंद. फेब्रुवारी संपत आला होता, पण खोलीत मे महिना होता. काचेपलीकडे एक तरुण रेकॉर्डिस्ट कानाला यंत्र लावून बसला. साडू उभे राहिले. समोर माइक, माइकमागे गादी.

“गाऊ कुणाला?” त्यांनी विचारलं.

“काका, माइकला गा.”

“त्याला काय कळतं?”

शेवटी मला आणि अक्काला, म्हणजे त्यांच्या मंडळींना, गादीपाशी बसवण्यात आलं. अटी दोन : हलायचं नाही आणि खोकायचं नाही. साडू अक्काकडे बघून गायला लागले. आवाज सुरेख लागला होता. आईचं गाणं. पहिलं कडवं झालं आणि पेटीने सूर धरून ठेवला, ढोलकी खाली आली, कोरस गप्प झाला. कुणी कुणाला खूण केली नव्हती. पाचही जण एकदमच थांबले आणि माझ्याकडे बघत राहिले. रेकॉर्डिस्ट काचेमागून धावत आला.

“काय झालं? काका, का थांबलात?”

“नावं घ्यायची ना,” साडू म्हणाले.

“कुणाची?”

साडूंनी खोलीभर पाहिलं. मी हलायचं नाही म्हणून हललो नव्हतो. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ते कडवं झाल्यावर पेटीकडे कुणीही चालत आलं नव्हतं.

दुसऱ्या खेपेला तेच. तिसऱ्या खेपेला गायक थांबला नाही, पण ढोलकीवाल्याचे हात आपोआप खाली आले. रेकॉर्डिस्ट बिचारा सभ्य होता. तो म्हणाला, “काका, एका बाजूला तीस मिनिटं. त्यात चार गाणी. मध्ये थांबलात तर माणूस समजेल, टेप अडकली.” गुरुजींनी मग ढोलकीवाल्याला समोर बसवलं आणि कडवं संपायच्या आत मान हलवून त्याला पुढे ढकलायला सुरुवात केली. सायंकाळपर्यंत आठही गाणी झाली. अक्का घामाने निथळत होती, पण खोकली नाही. बाहेर येऊन साडूंनी रुमालाने मान पुसली आणि म्हणाले, “गाणी झाली. कार्यक्रम नाही झाला.”

कॅसेट निघाली. कव्हरवर साडूंचा फोटो, गुरुजींचा कोट घातलेला. छापणाऱ्याने त्यांना असं गुलाबी केलं होतं की अक्का म्हणाली, “हा कोण जावई आणला?” पण कॅसेट खपली. आमच्या कॉलनीत, सातपुरात, इगतपुरीला. सटाण्याहून त्या लग्नघरच्यांनी चार मागवल्या. सकाळी दूध आणायला निघालो तर दुधाच्या केंद्रावर साडू गात असायचे, संध्याकाळी सायकलच्या दुकानात. गुरुजींचा हिशेब अर्धा बरोबर निघाला. नाव झालं.

जयंती आली तेव्हा कमिटीचे चिटणीस स्वतः साडूंच्या घरी आले. मी तिथेच होतो. अक्काने त्यांना पाणी दिलं. आम्हाला वाटलं, सुपारी द्यायला आले.

“यंदा तुमचंच, दादा,” चिटणीस म्हणाले. “बाहेरचं काय लावायचंच नाय असं ठरवलं कमिटीनं. दोन दिवस तुमचीच कॅसेट.”

“आणि पार्टी?” अक्काने विचारलं.

चिटणीसांना प्रश्न कळला नाही. “पार्टी हाय की त्याच्यात. अख्खी पार्टी हाय. ढोलकी काय वाजलीय, वा!”

त्यांच्या मनात काहीही वाईट नव्हतं. साडूंनी हात जोडून आभार मानले. त्यांनी पहिल्यांदाच आभार हळू आवाजात मानलेले मी ऐकले. ढोलकीवाल्याने त्याच आठवड्यात दुसरी पाळी घेतली.

जयंतीच्या दिवशी तिन्हीसांजेला आम्ही दोघे मांडवात गेलो. साडू पांढऱ्या शर्टात, केस चोपून. स्टेजवर टेबल, टेबलावर अॅम्प्लिफायर आणि टेप, बाजूला स्पीकरवाला खुर्चीत. आईचं गाणं चालू होतं. लोक टाळ्या धरत होते, कुणी साडूंच्या पाठीवर थाप मारून जात होतं. कडवं संपत आलं तशी बायकांच्या बाजूने एक म्हातारी उठली. गुडघ्यावर हात देत ती गर्दीतून स्टेजपाशी आली. मुठीत नोट होती. पेटी असते तिथे टेबल बघून ती थांबली.

“आजी, वर्गणी तिकडं, कमिटीकडं,” स्पीकरवाला म्हणाला.

“वर्गणी दिली म्या. ही त्याला.” तिने कर्ण्याकडे बोट केलं.

“तो टेपात हाय, आजी.”

साडू पुढे झाले. तिने त्यांच्याकडे निरखून पाहिलं, ओळखलं, आणि नोट त्यांच्या हातात दिली. पण ती गेली नाही. उभी राहिली. तिला नाव ऐकायचं होतं. वर कर्ण्यात साडू दुसऱ्या कडव्यावर जाऊन पोहोचले होते. स्पीकरवाल्याने टेपच्या बटणावर बोट ठेवून विचारलं, “दादा, थांबवू का?”

साडूंनी टाळ्या देणाऱ्या लोकांकडे पाहिलं आणि मान हलवली : नको. मग ते खाली वाकले, म्हातारीला काहीतरी विचारून घेतलं, डावा हात कानाशी नेला आणि सरळ उभं राहून तिचं नाव घेतलं. पूर्ण आवाजात घेतलं असणार. गळ्याची शीर फुगलेली मला दिसली. पण वरून त्यांचाच आवाज कोसळत होता, आणि तो ढोलकी-पेटीसकट होता.

“काय म्हनला रं?” म्हातारी ओरडली.

साडूंनी पुन्हा सांगितलं. तिने कानामागे हात धरला. तिसऱ्यांदा सांगितल्यावर तिने त्यांचे ओठ पाहिले असावेत. “घेतलं का? बरं,” म्हणाली आणि आली तशी परत गेली.

साडू नोट हातात धरून माझ्या शेजारी येऊन बसले. मी हातभर अंतरावर होतो, तरी मलाही नाव ऐकू आलं नव्हतं. गाणं संपल्यावर मी त्यांना विचारून घेतलं. त्या पार्टीला मिळालेलं हे शेवटचं बक्षीस, म्हणून नीट लिहितो : गयाबाई, राहणार मागची गल्ली, खडी फोडायच्या कामावर होत्या, त्यांच्याकडून दोन रुपये. साडूंना पोचले. गायन पार्टी त्यांची आभारी आहे.