वहिनींचा पाऊण तास

पोस्टातल्या वहिनींनी पोस्ट सोडून बरीच वर्षं झाली, तरी इमारतीत सगळे त्यांना याच नावाने ओळखतात. खिडकीमागे बसून त्यांनी अर्धं आयुष्य तिकिटं फाडली, पाकिटं तोलली आणि रांगेत घुसणाऱ्या भल्याभल्यांना नुसत्या नजरेने मागे पाठवलं. पुढे नवऱ्याच्या हृदयाने दगा दिला, तेव्हा निवृत्तीला वेळ असतानाच त्यांनी राजीनामा दिला. 'दे' असं कोणी म्हटलं नव्हतं. आता यांचं करणार कोण, एवढाच प्रश्न निघाला होता आणि त्याचं उत्तर सगळ्यांनी वहिनींकडे बघून दिलं होतं.

नवरा, म्हणजे भाऊ, कारखान्यात शिफ्टचे प्रमुख होते. अख्खी शिफ्ट एका हाकेवर नाचवायची सवय. निवृत्तीनंतर शिफ्ट गेली, हाक तेवढी राहिली. "अगं, चष्मा कुठंय?" चष्मा कपाळावर. "अगं, ही गोळी जेवणाआधी की नंतर?" गोळी रोजची, प्रश्नही रोजचा. आणि "अगं, कुठे आहेस?" ही हाक सगळ्यांत वाईट, कारण तिच्यामागे काही कामच नसायचं. दोन खोल्या आणि एक स्वयंपाकघर, एवढ्यात माणूस असून असून कुठे असणार? पण वहिनी न्हाणीघरात असल्या तरी त्यांना तिथून ओ द्यावी लागे. ओ आली नाही की भाऊंना धाप लागायची. ती खरीच लागायची, सोंग नव्हतं. त्यामुळे रागवायचीही सोय नव्हती.

डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं होतं. भाऊ एकदा रस्त्यावर चालायला गेले, चक्कर येऊन फुटपाथवर बसले, चार अनोळखी लोकांनी पाणी पाजून घरी आणून सोडलं. बस, एवढंच झालं. पण त्या दिवसापासून भाऊंनी रस्त्याचं नाव टाकलं. ज्या गोष्टीने एकदा भीती घातली तिच्या वाटेला पुन्हा जायचं नाही, असा त्यांचा स्वभाव. मग दुसऱ्या शहरात राहणाऱ्या मुलाने घरातल्या घरात चालायचं मशीन पाठवलं.

मशीनने आतली खोली निम्मी खाल्ली. कपाटाचं एक दार उघडेनासं झालं. वहिनी मनातल्या मनात मुलावर वैतागल्या. पण पहिल्याच दिवशी भाऊ खिडकीकडे तोंड करून, कानात रेडिओच्या गुंड्या घालून पट्ट्यावर चढले, आणि वहिनींच्या लक्षात आलं की घर गप्प झालंय. पट्ट्याची घरघर होती, पण हाक नव्हती. पाच मिनिटं गेली, दहा गेली. भाऊंचे डोळे समोरच्या आकड्यांवर आणि दोन्ही हात दांडीवर. वहिनी दारात उभ्या राहून बघत राहिल्या. मग त्यांनी चपला घातल्या.

तेव्हापासून भाऊंचा व्यायामाचा पाऊण तास हा वहिनींचा झाला. त्या "खाली जाऊन येते" म्हणायच्या. खाली म्हणजे कुठे, हे भाऊंनी कधी विचारलं नाही. कोपऱ्यावर एक बेकरी होती, काचेशी दोन उंच स्टुलं. वहिनी त्यांतल्या एकावर चढून बसायच्या आणि चहा मागवायच्या. चहा तसा पाणचटच. पण तो दुसऱ्याने केलेला, दुसऱ्याने आणून दिलेला, आणि कपही दुसराच कोणी विसळणार. त्या रस्त्याकडे बघत बसायच्या. विचारही काही करायच्या नाहीत. बेकरीवाला त्यांना मॅडम म्हणायचा. या कोणाच्या कोण, हे त्याला ठाऊक नव्हतं आणि त्याचं त्याला सोयरसुतकही नव्हतं. त्या पाऊण तासावर वहिनींचा उरलेला सगळा दिवस तरून जायचा. संध्याकाळच्या हाकांना त्या हसून ओ द्यायच्या, इतकं त्याचं बळ होतं.

आणि एका सकाळी वहिनी चपला घालत असताना फोन आला. मशीन घेताना मुलाने आईचाच नंबर दिला होता. फोनवर कंपनीतली मुलगी होती, आवाजाने गोड आणि बोलायला भरभर.

"मॅडम, आपल्याकडचं मॉडेल कंपनी दुरुस्तीसाठी परत बोलावतेय. कंट्रोलच्या सर्किटमध्ये दोष सापडलाय. पट्टा आपोआप वेग घेऊ शकतो, आणि थांबवायची लाल दोरी ओढली तरी थांबेलच असं नाही. काही ठिकाणी लोक पडलेत. मेकॅनिक घरी येऊन सर्किट बदलून देईल, पण यादी मोठी आहे, थोडे आठवडे लागतील. तोवर मशीन अजिबात वापरायचं नाही. वापर थांबवलाय ना मॅडम? मला तुमच्या तोंडून 'हो' ऐकावं लागतं."

आतल्या खोलीत पट्टा घरघरत होता. भाऊंची पावलं पडत होती.

"हो," वहिनी म्हणाल्या. "थांबवलाय."

त्यांनी फोन ठेवला आणि त्या तशाच उभ्या राहिल्या. आत जाऊन सांगणं काही अवघड नव्हतं. 'अहो, उतरा खाली,' एवढे तीन शब्द. पण पुढचं त्यांना लख्ख दिसत होतं. भाऊ उतरले असते ते कायमचे. मेकॅनिकने सर्किट बदलू दे, नाहीतर सोन्याचा पट्टा बसवू दे, हा माणूस पुन्हा त्यावर पाय ठेवणार नव्हता. मग चालणं बंद, छातीची काळजी दुप्पट, आणि उठल्यापासून झोपेपर्यंत 'अगं, कुठे आहेस?' मशीन बिघडलंय अशी थाप मारावी, तर भाऊंनी लगेच पेचकस घेऊन झाकण उघडलं असतं, मुलाला फोन केला असता, आणि मुलाने दोन मिनिटांत खरं शोधून काढलं असतं.

हजारांत एखाद्याला होत असेल, असं स्वतःला समजावत वहिनी खाली गेल्या. चहा समोर आला. त्यांना दिसत होते पट्ट्यावरून मागे फेकले गेलेले भाऊ, कपाटाच्या कोपऱ्यावर आपटलेलं डोकं. चहा तसाच सोडून त्या धावत सुटल्या, जिना धापा टाकत चढल्या. भाऊ मजेत चालत होते. एक गुंडी कानातून काढून म्हणाले, "काय गं, एवढी दमलीस? तूही चालत जा थोडी."

दुसऱ्या दिवसापासून वहिनींनी चपला घातल्याच नाहीत. भाऊ पट्ट्यावर चढले की त्या मशीनच्या प्लगच्या, भिंतीवरच्या बटणाशी उभ्या राहायच्या, बोट बटणावर. कपड्यांच्या घड्या घालतेय, धूळ पुसतेय, अशी काहीबाही निमित्तं सुरुवातीला काढली. मग तीही संपली. डोळ्यांत तेल घालून त्या भाऊंच्या पायांकडे बघत राहायच्या. पट्ट्याचा आवाज जरा बदलला की बोट बटणावर रुतायचं. पाऊण तास वाचवायला म्हणून खोटं बोलल्या, आणि सगळ्यांत आधी तो पाऊण तासच गेला. पोस्टाच्या खिडकीत रांग कधी ना कधी संपायची तरी. इथे त्यांना नवऱ्याच्या पावलांपुढे काही दिसत नव्हतं. आता खरं सांगून टाकावं, असं रोज वाटायचं. पण इतके दिवस का लपवलं, याचं उत्तर रोज आणखी अवघड होत होतं. मेकॅनिक येईल, सर्किट बदलेल, कोणाला काही कळणार नाही आणि मग आपण पुन्हा स्टुलावर जाऊन बसू, या एकाच आशेवर त्या उभ्या राहायच्या. कंपनीला फोन लावला की तीच गोड मुलगी म्हणायची, "तुमचा नंबर येईलच मॅडम. मशीन बंद आहे ना?"

भाऊ मात्र खुलले होते. "हल्ली तू असतेस जवळ, बरं वाटतं," ते म्हणाले. "आधी सारखी खाली पळायचीस." वहिनींना रडू आलं. भाऊंना वाटलं, बायको सुखावली.

मग एक दिवस ते झालंच. आधी काही चाहूल नाही, काही नाही. पट्ट्याने एकदम सूर चढवला आणि भाऊंचे पाय मागे ओढले गेले. त्यांनी दांडी घट्ट धरली, लाल दोरी सुटून लोंबकळली, तरी पट्टा पळतच होता. वहिनींनी बटण दाबलं. पट्टा थांबला. भाऊ दांडीला मिठी मारून उभे, चेहरा पांढरा.

"लाइट गेली का गं?"

"हो," वहिनी म्हणाल्या. डोक्यावर पंखा फिरत होता. भाऊंनी वर पाहिलं. "याच खोलीतल्या प्लगची गेली असेल," वहिनी घाईने म्हणाल्या, आणि भिंतीला धरून खाली बसल्या.

त्याच दुपारी भाऊंचा डोळा लागल्यावर जिन्यात उभं राहून त्यांनी कंपनीला फोन लावला आणि जन्मात पहिल्यांदा कोणावर तरी बेंबीच्या देठापासून ओरडल्या. "माणूस मेल्यावर नंबर लावणार आहात का आमचा?" वरच्या मजल्यावरचे लोक दार उघडून बघायला लागले. मेकॅनिक दुसऱ्या दिवशी सकाळी हजर झाला.

मशीनची सर्व्हिसिंग आहे, असं वहिनींनी भाऊंना सांगून ठेवलं होतं. मेकॅनिक पोरसवदा नव्हता, चांगला टक्कल पडलेला, पण तोंडाने भलता सैल. जुनं सर्किट काढून त्याने नवं बसवलं, पट्टा सगळ्या वेगांवर पळवून दाखवला, दोरी दहा वेळा ओढून दहा वेळा थांबवला. वहिनींच्या जिवात जीव आला. आणि तेवढ्यात तो हात पुसत म्हणाला, "बरं झालं काका, तुम्ही वापर बंद ठेवलात. परवा एका घरी गेलो, त्या बाईचा हात दोन ठिकाणी मोडला. सांगितलं तरी ऐकत नाहीत लोक. काकूंना आमच्या ऑफिसने फोन करून कधीच कळवलं होतं, म्हणून वाचलात."

भाऊ वहिनींकडे बघत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर एकेक गोष्ट जुळत जाताना वहिनींना दिसली: भिंतीशी उभं राहणं, बटणावरचं बोट, डोक्यावर फिरणारा पंखा. वहिनींनी मान खाली घातली. आता आभाळ फाटणार. खरं म्हणजे त्यांना ते हवंच होतं. एकदा मोठं भांडण होऊन जाऊ दे, सगळं बाहेर पडू दे, मग जे व्हायचं ते होवो.

मेकॅनिक बाहेर गेला, तरी भाऊ ओरडले नाहीत. त्यांचे डोळे भरून आले होते.

"तुला माहीत होतं," ते म्हणाले. "मला कळलं तर मी घाबरून चालणंच सोडेन, म्हणून तू बोलली नाहीस. रोज माझ्यासाठी बटण धरून उभी राहिलीस. आणि मी मूर्ख, मला वाटलं तुला काही काम नाही."

"अहो, तसं नाही," वहिनी म्हणाल्या. आज बोलायचंच असं त्यांनी ठरवलं. "मी तुमच्यासाठी नाही लपवलं. तुम्ही चालता तेव्हा मला बाहेर जाता येतं. ते बंद पडू नये, म्हणून लपवलं."

"बाहेर? कुठे?"

"कोपऱ्यावरच्या बेकरीत."

"काय आणायला?"

"काही आणायला नाही. चहा प्यायला. एकटीने."

भाऊ हसायला लागले. हसता हसता खोकला आला, वहिनींनी सवयीने पाठ चोळली. "चहा प्यायला म्हणे! घरातली साखर संपली होती का?" त्यांनी तसाच मुलाला फोन लावला. "अरे, तुझ्या आईने माझा जीव वाचवला. ऐक सगळं. आणि विचारलं तर काय म्हणते माहितीय? म्हणते, मी चहाला जात होते! जरा म्हणून मोठेपणा घ्यायचा नाही तिला." पलीकडून मुलाचा आवाजही जड झालेला ऐकू आला. त्याने आईला फोन द्यायला सांगितलं. "आई, तू आहेस म्हणून मला इथे झोप लागते गं," तो म्हणाला. वहिनी "हं" म्हणाल्या. दुसरं काय म्हणणार? खरं काय ते त्यांनी सांगून टाकलं होतं, आणि ते या घरात कोणाच्या कानात शिरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी वहिनी स्वयंपाकघर आवरून बाहेर आल्या, तर आतल्या खोलीत खुडबुड चाललेली. भाऊंनी मशीन फिरवलं होतं. सकाळी वहिनी न्हाणीघरात असताना वरच्या मजल्यावरच्यांना बोलावून ते फिरवून घेतलं, असं त्यांनी आता अभिमानाने सांगितलं. वहिनींना पत्ताच नव्हता. आता मशीनचं तोंड खिडकीकडे नव्हतं, खोलीकडे होतं. आणि भिंतीवरच्या बटणाखाली भाऊंनी जेवणाच्या टेबलाची एक खुर्ची आणून ठेवली होती, जड उचलायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलेलं असताना. खुर्चीवर उशी होती.

"उभी नको राहूस उगाच," भाऊ म्हणाले. रेडिओच्या गुंड्या त्यांनी कपाटावर ठेवून दिल्या. "आता हे कशाला? तू आहेस. बोलू की आपण."

"मशीन दुरुस्त झालंय," वहिनी म्हणाल्या.

"मशीनचा काय भरवसा? माझा भरवसा तुझ्यावर."

त्यांनी पट्टा सुरू केला. तो अगदी सरळ, शहाण्यासारखा फिरायला लागला. भाऊ समोरून वहिनींकडे बघत चालत होते, आणि इतके समाधानी दिसत होते की त्यांचं मन मोडणं वहिनींच्या जिवावर आलं. वहिनी खुर्चीत बसल्या. दाराकडे जायची वाट अडू नये म्हणून त्यांनी पाय जवळ घेतले, आणि मग त्यांच्या लक्षात आलं की त्या वाटेने बाहेर जाणारं घरात त्यांच्याशिवाय दुसरं कोणीच नव्हतं.