कोपरामागची नस

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. दादाला कुष्ठरोग झालाय हे मला डॉक्टरांच्या कितीतरी आधी, चैत्रातच कळलं होतं.

मी रत्नागिरीत अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवतो. थोरला भाऊ संगमेश्वराकडे गावी असतो, आंब्याची बाग तोच बघतो. त्या चैत्रात अंगणात काजूच्या बिया भाजत होतो. दादा निखाऱ्यातल्या बिया हातानेच उचलून पोरांना फोडून देत होता. मला चिमटा शोधताना बघून म्हणाला, "तुझे हात खडूचे रे. हे कातळाचे आहेत." पोरं हसली, मीही हसलो. मग त्याच्या करंगळीवर टरारून आलेला फोड दिसला. त्याचं तिकडे लक्षही नव्हतं.

दंडावर एक फिकट चट्टा होता. सदऱ्याची बाही नीट करून देतोय असं दाखवत मी त्याच्या कोपरामागे बोट फिरवलं. नस सुतळीसारखी जाड लागली.

वर्गात हे मी दरवर्षी शिकवतो. मानेच्या मणक्यापासून करंगळीपर्यंत जाणारा तंतू म्हणजे एकाच चेतापेशीचा लांबच लांब धागा. त्याला एकामागोमाग एक आधारपेशी वेढे घालून बसलेल्या असतात. त्यांच्या स्निग्ध आवरणामुळे संदेश मधल्या फटीफटींतून उड्या मारत क्षणात पोचतो. धाग्याला जपतात, पोसतात त्याही याच. कुष्ठाचा जंतू नेमका या आधारपेशींत घर करतो. शरीर त्याच्याशी झगडायला लागलं की सुजेने नसच चेपते. गोळ्यांनी जंतू मरतो. पण फार उशीर झाला असेल तर मेलेला धागा बहुधा परत येत नाही.

एवढं माहीत असून मी गप्प बसलो, कारण माझ्या मुलीचं लग्न ठरलं होतं. स्थळ चांगलं, पण माणसं चौकशा करणारी. घरात हा आजार आहे असं कानावर गेलं असतं तर मोडलंच असतं. हा बरा होणारा आजार आहे असं मुलांना बजावणारा मीच. लग्न होऊ दे, मग नेऊ, असं मनाशी म्हणत राहिलो.

गणपतीत आरतीचं ताट दादाच्या हातून निसटलं. म्हातारा झालो, म्हणून तो हसला. मार्गशीर्षात लग्न झालं. पंगतीत वाढताना त्याची करंगळी आणि शेजारचं बोट आत वळलेलं मी पाहिलं.

मग त्याला दवाखान्यात नेलं. बधिरपणा कधीपासून, असं डॉक्टरांनी विचारलं. दिवाळीपासून असेल, दादा म्हणाला. नस बघून हे त्याच्या बरंच आधीचं आहे, पावसाळ्याआधी आणलं असतं तर बोटं वाचली असती, असं ते म्हणाले, कोणाला दोष न देता. मी औषधाची चिठ्ठी घडी घालून खिशात ठेवली.

गोळ्या पुऱ्या झाल्या, रोग गेला. बोटं तशीच राहिली. आंबे उतरवायची लांब काठीची घळ आता त्याला धरवत नाही. आणि येईल त्याला तो सांगतो, "भाऊ मास्तर म्हणून वेळेवर नेलान, नायतर मी कसला जातोय."

मला चैत्रातच कळलं होतं, हे मी त्याला सांगितलेलं नाही. तेवढं खरं सांगायचं देणं मी त्याचं लागतो.