एलिनचं काम

जगनचा दिवस पहाटे तीनला सुरू व्हायचा. कल्याणच्या बाजार समितीत ट्रकला पाठ लावून त्याने आयुष्यभर पोती वाहिली. माथाडी म्हणून निवृत्त झाला, तरी तीनला डोळा उघडतोच. आता उठून तो आधी बायकोच्या, मंजुळाच्या, डोळ्यांत औषध घालतो.

शुगरने तिची नजर नेली होती. दोन्हीकडे काळोख. एका डोळ्याचं ऑपरेशन होईल, पण हमी नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. मंजुळा तयार नव्हती.

"फंडाचे पैसे घालवू नका. म्हातारपणी लागतील."

"मग आता काय तरुण आहेस?"

नजर गेल्यावर तिला टीव्हीचा नाद लागला. टिटवाळ्याच्या खोलीत दुपारभर हिंदीत डब केलेले इंग्रजी सिनेमे चालत. एलिन मार्श नावाची नटी त्यात सारखी असायची.

"पोलीस झाली, राणी झाली, वेडी झाली," मंजुळा एकदा म्हणाली, "सगळीकडे तोच लाडिक आवाज. फुकटचा पगार घेते मेली."

जगनला ते लागलं. "फुकटचा? अगं, गोदीच्या सिनेमात ती पोतं उचलते. आधी कमरेतून वाकते, नवी माणसं वाकतात तशी. शेवटी गुडघ्यात बसून उचलते. शिकलीय ती. राणी झाली तेव्हा मुकुटाचं ओझं मानेत दिसतं. पोलीस झाली तेव्हा मात्र नुसती पळते. तो सिनेमा वाया."

"मग आवाजात का नाही कळत?"

"आवाज तिचा कुठाय? तिला हिंदी कुठून येणार? मुंबईत कुणी बाई बोलते तिच्या जागी."



"म्हणजे मी शिव्या घातल्या, त्या भलतीलाच?"

"हो."

"आधी सांगायचं ना, अहो!"

"मला वाटलं, तुला ठाऊक आहे."

संध्याकाळी भाकरी चावता चावता ती म्हणाली, "विचारा त्या डॉक्टरला, ऑपरेशनची तारीख कधीची ते. बघू दे तरी तिचं काम."

माजिवड्याच्या एका दवाखान्यात ऑपरेशन झालं. पुढे तपासून डॉक्टर म्हणाले, यापेक्षा जास्त नजर येणार नाही. जगनला वाईट वाटलं नाही, बरंही वाटलं नाही. पाठ बधिर झाल्यावर ओझं कळत नाही, तसं.

रविवारी एलिनचा सिनेमा लागला. मंजुळा टीव्हीला नाक टेकवून बसली.

"दिसतं काही?"

"पांढरं हलतंय. ती आहे का?"

"तिचा झगा आहे."

"तोंड कुठे?"

"त्याच्या वर."

ती वर बघत राहिली. तिथे तिला काही सापडलं नाही.

जगनच्या सगळ्या फंडातून आलं ते एवढंच. एका डोळ्याला पांढरं हलताना दिसतं.