कॉलरच्या आतले काका

काकांच्या लॉन्ड्रीत कपड्यांना नंबर नसतात. कॉलरच्या आत पक्क्या शाईने एक शब्द असतो. पहिल्याच दिवशी मला एका शर्टात 'पोपट' दिसला, दुसऱ्यात 'बिस्किट', तिसऱ्यात 'शी'.

"हे काय?"

"गिऱ्हाइकं," काका म्हणाले.

मी लॉन्ड्रीच्या वरच्या खोलीत भाड्याने राहतो. साहित्याचा पदवीधर आहे. शब्दांतलं आपल्याला कळतं, असा माझा समज होता. तो तिथेच धुतला गेला.

दुकान बंदराच्या फाटकासमोर. गल्ली त्यांना काका म्हणते, म्हणून खलाशीही म्हणतात. म्हणताना काही जण फिदीफिदी हसतात. का, म्हणून काकांनी एकदा विचारलं. तेव्हापासून प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला तोच प्रश्न : तुमच्याकडे काका म्हणजे काय? येईल ते उत्तर ही त्याची खूण. स्वीडनच्या खलाशाने बिस्किट सांगितलं. स्वाहिली बोलणाऱ्या आचाऱ्याने थोरला भाऊ. माओरी इंजिनिअरने पोपट, तोही ओरडून दाखवला. फ्रेंच कप्तानाने नुसतं नाक धरलं.

"दुसरा फ्रेंच आला तर?"

"शी नंबर दोन."

मी कोश काढून बसलो. बिस्किटवाला काका उत्तर युरोपातल्या एका जुन्या भाषेतून आलेला. पोपटवाला बहुधा पोपटाच्याच ओरडण्यातून. शीवाल्याचं मूळ थेट लॅटिनमध्ये. फारसीतही एक काका निघाला, तोही थोरला भाऊ. काकांनी इस्त्री खाली ठेवून सगळं ऐकलं.

"एवढे काका, आणि बहुतेकांचं एकमेकांशी नातंच नाही?"

"नाही."

"म्हणजे आमच्या घरासारखंच."

त्यांना काका म्हणायचा खरा हक्क एकीलाच. थोरल्या भावाच्या मुलीला. ती व्हायोलिन वाजवते. आठ वर्षांपूर्वी, शाळेतल्या कार्यक्रमाच्या दिवशी, काकांनी तिचा फ्रॉक इस्त्रीने जाळला. चूक कबूल करायची सोडून वर म्हणाले, "नाहीतरी बेसूरच वाजवतेस." तेव्हापासून ती त्यांना 'लॉन्ड्रीवाले' म्हणते.

गेल्या शुक्रवारी ती आली. काउंटरवर काळा कोट ठेवला.

"उद्या सहाला वाद्यवृंदात माझा पहिला कार्यक्रम. आई म्हणाली, लोकरीला तुमच्यासारखा हात नाही. जाळू नका, लॉन्ड्रीवाले."

ती गेली. काका पेन उघडून उभेच.

"काका म्हणजे काकाच लिहा ना," मी म्हटलं.

"तिला विचारलंय कुठे? न विचारता मी लिहीत नाही."

कॉलर कोरी राहिली. आणि बिनखुणेचा कपडा शेवटच्या गठ्ठ्यात बांधायचा, हा दुकानाचा नियम त्यांनीच घातलेला. शनिवारी दुपारी सवयीने त्यांनी तो बांधलाही.

चारला ती आली. हँगर रिकामा. शेवटचा गठ्ठा फ्रेंच बोटीचा, तो कधीच बोटीवर गेलेला. बोट पाचला सुटणार.

काका धावले. हातात इस्त्री तशीच, मागे वायर फरफटत. वयाच्या साठीत असा वेग मी पाहिला नव्हता. ती मागे, तिच्या मागे मी. धक्क्यावर तीन बोटी. काका सरळ चुकीच्या बोटीकडे.

"काका!" ती जीव तोडून ओरडली. "डावीकडे! काका!"

एका कठड्यावरून स्वीडनवाल्याने बिस्किटांचा पुडा हलवला. माओरी इंजिनिअर पोपटासारखा किंचाळला. फ्रेंच खलाशी पोट धरून हसत बसले. काका मात्र खिळल्यासारखे उभे.

"काय म्हणालीस?"

"डावीकडे म्हणाले!"

"त्याच्या आधी?"

"आधी कोट, काका!"

कोट खाली आला तो एका धिप्पाड खलाशाच्या अंगावर. बाह्या कोपरापर्यंत, पाठीवर सुरकुत्यांचं जाळं. स्वाहिलीवाल्या आचाऱ्याने आपल्या बोटीच्या स्वयंपाकघरात प्लग दाखवला. काका पिठाच्या ओट्यावर चादर टाकून कामाला लागले. ओला रुमाल, इस्त्री, वाफ.

"त्या दिवशी मी खोटं बोललो होतो," ते कोटाकडे बघत म्हणाले. "घाबरलो होतो. सुरात वाजवायचीस तू."

"माहीत आहे. बाहीची कड सांभाळा."

कोट आरशासारखा सपाट झाला. काकांनी खिशातून पेन काढलं.

"खूण राहिलीय. तुझ्याकडे काका म्हणजे काय?"

"इस्त्री घेऊन बंदरभर पळणारा बावळट माणूस. लिहा पटकन, मला उशीर होतोय."

कॉलर पुरली नाही. उरलेलं काकांनी अस्तरावर लिहिलं.