टांझानियातली मळणी

आमच्या मामांना सगळी आटपाडी डायरेक्टर म्हणते. दूध संघातलं पद जाऊन दोन निवडणुका झाल्या, पण गाडीच्या काचेवरची पाटी गेली नाही. गाडीही ते भाषण केल्यासारखी चालवत: समोरच्याचं ऐकायचं नाही आणि कुठे थांबायचं ते ठरवायचं नाही.

खड्डा चुकवणं त्यांना कमीपणाचं वाटे. "खड्ड्याला भ्यायला त्यो काय गाडी चालवणार?" म्हणत ते सरळ त्यातून जात. मागे बसलेल्यांची डोकी टपाला लागत. मामा मनाने मोठे, असं लोक सांगतात. दारात आलेल्याला ते जेवल्याशिवाय सोडत नसत, हे खरं. जेवताना त्यांचं ऐकावं लागे.

त्यांचा मुलगा टांझानियात एका साखर कारखान्यात इंजिनिअर आहे. बऱ्याच वर्षांनी त्याला मुलगी झाली. मामींनी नात फक्त फोनवर पाहिली होती. बोलता बोलता त्या पदराने फोनची काच पुसत. एकदा तिला मांडीवर घेतलं की आपलं काही मागणं उरलं नाही, असं त्या मला म्हणाल्या होत्या. आम्ही तिघे निघालो. मी इंग्रजी बोलण्यापुरता.

परदेशात गाडी चालवायचा परवाना मिळाला म्हणून मामांचा गावात सत्कार झाला होता. मुलाने विमानतळाजवळ गाडी ठेवली होती आणि ड्रायव्हर घ्या, असं बजावलं होतं. स्टिअरिंग उजव्या बाजूला पाहून मामा खूश झाले. "ही तर आपली आटपाडीच हाय. ड्रायव्हर कशाला?"

मोठा रस्ता सुटला आणि लाल मातीचा, पावसाने खाल्लेला रस्ता लागला. मामींनी दोनदा "आवं, जरा दमानं" म्हणून पाहिलं. मग एका वळणापुढे रस्त्यावर हिरव्या फांद्या आडव्या पसरलेल्या दिसल्या. मी थांबायला सांगितलं. मामा हसले. आमच्याकडे सुगीत लोक हुलगा, करडई डांबरावर पसरतात आणि जाणाऱ्या गाड्यांकडून मळून घेतात. त्यावरून गाडी नेणं मामा समाजकार्य समजत.

"मळणी घातलीया गरिबानं. जाऊ दे की वरनं," म्हणाले, आणि दाणा नीट सुटावा म्हणून त्यांनी वेग वाढवला.

तिथे फांद्या टाकतात ते पुढे धोका आहे, हे सांगायला. पुढचा ओढ्यावरचा पूल वाहून गेला होता.

गाडी ओढ्यात गेली. मामांना सीटच्या पट्ट्याने आणि एअरबॅगच्या फुग्याने वाचवलं. मला खरचटलं. मामींचे दोन्ही हात मोडले.

मुलगा आणि सून बाळाला घेऊन दवाखान्यात आले, तेव्हा मामा तिथल्या बांधकाम खात्यावर बोलत होते. मामींचे हात खांद्यापर्यंत प्लास्टरमध्ये होते. बाळ रडायला लागलं. मामांनी हात पुढे केले. "आण हिकडं, मी धरतो आन् दावतो हिला."

"ह्यांच्याजवळ दिऊ नगा," मामी म्हणाल्या.

आवाज चढलेला नव्हता. नवऱ्याच्या शब्दावर त्यांचा शब्द मी तोवर ऐकला नव्हता. सुनेने बाळ त्यांच्या उशीशी निजवलं. मामींनी मान वळवून त्याच्या डोक्याला गाल लावला. मामांनी थोड्या वेळाने हात खाली घेतले.

परतीच्या विमानात आम्ही दोघेच होतो. मामींनी तिथेच राहायचं ठरवलं होतं, आणि मामांना कुणी विचारलं नव्हतं.

गावात कुणी चौकशी केली, की डायरेक्टर सांगतात, "नातीजवळ ठिवून आलोय मी तिला."